विश्लेषण : गुलामगिरी की राज्यांचे अधिकार? अमेरिकेतील यादवी युद्ध कशामुळे झाले? त्याचे धक्के मुंबईपर्यंत कसे पोहोचले?

जगाच्या इतिहासाच्या अभ्यासक्रमात अमेरिकेतील यादवी युद्ध (१८६१-६५) आले, की कारणांची एक ठरलेली यादी पाठ केली जाते. गुलामगिरी, उत्तर-दक्षिणेतील आर्थिक भेद, राज्यांचे अधिकार, लिंकन यांची निवड. यादीत चुकीचे काही नाही. पण ही सारी कारणे एका तोलाची नाहीत आणि त्यांतील काही तर एकाच कारणाची वेगवेगळी नावे आहेत. परिणामांचेही तसेच. ‘गुलामगिरी संपली’ एवढे लिहून उत्तर थांबते, तेव्हा निम्मा इतिहास बाहेरच राहतो. मूळ कारण, तात्कालिक निमित्त आणि परिणाम यांची ही उकल.

युद्धाची ठिणगी कुठे पडली?

साऊथ कॅरोलिना राज्यातील चार्ल्स्टन बंदराच्या तोंडाशी फोर्ट समटर हा किल्ला आहे. संघराज्याच्या सैन्याच्या ताब्यातील या किल्ल्यावर १२ एप्रिल १८६१ रोजी पहाटे फुटीर दक्षिणेच्या तोफा सुरू झाल्या आणि दुसऱ्या दिवशी किल्ल्याने शरणागती पत्करली. विशेष म्हणजे या गोळाबारीत एकही सैनिक ठार झाला नाही. त्यानंतरच्या चार वर्षांत मात्र, प्रचलित आकड्यानुसार, ६ लाख २० हजार सैनिक मेले. त्यांतील बहुसंख्य गोळीने नव्हे, तर रोगराईने दगावले.

फोर्ट समटर हे निमित्त होते, कारण नव्हे. कारण तोफा सुरू होण्याआधीच सात राज्ये संघराज्यातून बाहेर पडली होती. मग लिंकन यांची निवड हे कारण होते का? अब्राहम लिंकन ६ नोव्हेंबर १८६० रोजी निवडून आले, तेही जेमतेम ४० टक्के मतांवर. दक्षिणेतील दहा राज्यांत तर त्यांच्या नावाची मतपत्रिकाच नव्हती. साऊथ कॅरोलिनाने २० डिसेंबर १८६० रोजी फुटण्याचा ठराव केला, तेव्हा लिंकन यांनी पदाची शपथही घेतली नव्हती. ती त्यांनी घेतली ४ मार्च १८६१ रोजी. म्हणजे दक्षिण फुटली ती लिंकन यांनी काही केले म्हणून नव्हे. ते पुढे काय करतील, या धास्तीने ती फुटली. ही धास्ती कसली होती, याच्या उत्तरात मूळ कारण सापडते.

सरकी काढणाऱ्या यंत्राचा काय संबंध?

अमेरिका स्वतंत्र झाली तेव्हा गुलामगिरी हळूहळू संपेल, असे अनेकांना वाटत होते. हा अंदाज एका यंत्राने उलटवला. अमेरिकेच्या अंतर्भागात पिकणाऱ्या आखूड धाग्याच्या कापसात सरकी घट्ट चिकटलेली असते. हाताने ती काढायची तर एका माणसाच्या दिवसभराच्या कष्टांतून पौंडभर रुई निघे. एली व्हिटनी याने १७९३ मध्ये सरकी वेगळी करणारे यंत्र तयार केले आणि हेच काम पन्नास पौंडांपर्यंत गेले. आपल्याकडे विदर्भ-खान्देशात ज्याला जिनिंग म्हणतात, तेच हे काम.

यंत्राने माणसांचे श्रम वाचतात, असा साधारण समज. इथे घडले उलटे. सरकी काढणे स्वस्त झाले, म्हणून जास्त कापूस लावणे परवडू लागले. लावणी, निंदणी आणि वेचणी मात्र हातानेच होत होती. त्यामुळे गुलामांची मागणी वाढली. १७९० च्या जनगणनेत सुमारे सात लाख गुलाम होते. १८६० मध्ये हा आकडा साडेएकोणचाळीस लाखांवर गेला होता. परदेशातून गुलाम आणण्यावर १८०८ पासून बंदी होती. म्हणून व्हर्जिनियासारख्या जुन्या राज्यांतून मिसिसिपी, अलाबामा, लुईझियानाच्या कापूसपट्ट्यात गुलामांची विक्री सुरू झाली. या देशांतर्गत व्यापारात आणि स्थलांतरात मिळून सुमारे दहा लाख माणसे हलवली गेली. आई-बापांपासून मुले आणि नवऱ्यापासून बायको तोडणे हा या व्यापाराचा नित्याचा भाग होता.

युद्धाच्या उंबरठ्यावर अमेरिकेच्या निर्यातीत निम्म्याहून अधिक वाटा एकट्या कापसाचा होता. ब्रिटनच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसापैकी तीन चतुर्थांशाहून अधिक कापूस तिथूनच येत होता. देशातील गुलामांचे बाजारमूल्य हे सारे लोहमार्ग आणि कारखान्यांत गुंतलेल्या भांडवलापेक्षा अधिक होते, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. ‘उत्तर औद्योगिक, दक्षिण शेतीप्रधान’ हा आर्थिक भेद पाठ करताना हे लक्षात ठेवायला हवे. तो भेद गुलामगिरीहून वेगळे असे दुसरे कारण नव्हता. दक्षिणेची शेती, पत आणि संपत्ती गुलामगिरीवरच उभी होती.

मग भांडण नव्या प्रदेशांवरून का झाले?

कापसाने जमिनीचा कस लवकर संपतो, त्यामुळे मळेवाल्यांना सतत नवी जमीन हवी होती. दुसरे कारण राजकीय. सिनेटमध्ये प्रत्येक राज्याला दोन जागा. पश्चिमेकडील नवी राज्ये गुलामगिरीमुक्त म्हणून आली, तर दक्षिण कायमची अल्पमतात जाणार होती. १८२० मध्ये मिझुरी (गुलाम राज्य) आणि मेन (मुक्त राज्य) यांना जोडीने प्रवेश देऊन तोल सांभाळला गेला. मेक्सिकोशी झालेल्या युद्धात (१८४६-४८) मोठा भूप्रदेश हाती आला आणि वाद पुन्हा पेटला. १८५० च्या तडजोडीत कॅलिफोर्निया मुक्त राज्य झाले. त्या बदल्यात पळून गेलेल्या गुलामांना पकडून परत पाठवणारा कडक कायदा दक्षिणेला मिळाला.

यानंतर प्रत्येक तडजोड आधीपेक्षा कमी टिकली. १८५४ च्या कायद्याने गुलामगिरीचा निर्णय कॅन्सस आणि नेब्रास्कातील रहिवाशांवर सोपवला, तेव्हा कॅन्ससमध्ये दोन्ही बाजूंनी शस्त्रे उपसली. १८५७ मध्ये ड्रेड स्कॉट खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कृष्णवर्णीय हे अमेरिकेचे नागरिक असूच शकत नाहीत आणि केंद्रीय प्रदेशांत गुलामगिरी रोखण्याचा अधिकार काँग्रेसला नाही, असा निकाल दिला. १८५९ मध्ये जॉन ब्राऊन याने गुलामांचे बंड उभारण्यासाठी हार्पर्स फेरी येथील शस्त्रागारावर छापा घातला. गुलामगिरी आहे तिथे आपण तिला हात लावणार नाही, पण तिचा विस्तार होऊ देणार नाही, ही लिंकन यांची भूमिका होती. १८६० पर्यंत १८ मुक्त राज्यांसमोर १५ गुलाम राज्ये होती. विस्तार थांबला की आज ना उद्या गुलामगिरीही जाणार, हे गणित दक्षिणेला कळत होते.

‘राज्यांचे अधिकार’ हे कारण होते का?

राज्यांचे अधिकार हा मुद्दा होता, पण कोणता अधिकार, हा पुढचा प्रश्न विचारायला हवा. साऊथ कॅरोलिना, मिसिसिपी, जॉर्जिया आणि टेक्सास या राज्यांनी फुटताना कारणांची सविस्तर निवेदने प्रसिद्ध केली. ती आजही उपलब्ध आहेत. गुलामगिरीला असलेला धोका हाच त्यांचा गाभा आहे. उत्तरेतील राज्ये पळालेल्या गुलामांना परत देण्यात आपले स्थानिक कायदे करून अडथळे आणतात, अशी साऊथ कॅरोलिनाची तक्रार होती. म्हणजे उत्तरेतील राज्यांनी आपले अधिकार वापरले, तेव्हा दक्षिणेला ते नको होते. फुटीर दक्षिणेचे उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीफन्स यांनी २१ मार्च १८६१ रोजी सव्हाना येथील भाषणात तर वंशांची असमानता हीच नव्या सरकारची कोनशिला असल्याचे उघड सांगितले.

आयात शुल्काचा वाद हे मूळ कारण होते, असेही सांगितले जाते. तो वाद जुना होता खरा. पण १८५७ पासून शुल्क कमी होते आणि ते वाढवणारा कायदा मार्च १८६१ मध्ये, म्हणजे सात राज्ये बाहेर पडल्यानंतर झाला.

मग ‘राज्यांचे अधिकार’ पुस्तकांत ठळक कसे झाले? पराभवानंतर दक्षिणेच्या नेत्यांनी आठवणी लिहिल्या. त्यांत युद्ध गुलामगिरीसाठी नव्हे, तर घटनात्मक तत्त्वासाठी लढल्याची मांडणी झाली. पुढे पुतळे, स्मारके आणि शालेय पुस्तके यांतून ती घट्ट रुजली. टेक्सासच्या शिक्षण मंडळाने गुलामगिरीच्या विस्ताराला युद्धाचे मध्यवर्ती कारण म्हणणारा अभ्यासक्रमबदल मंजूर केला, तोही २०१८ मध्ये. कारणांच्या यादीचा क्रम बदलणे हे किती राजकीय काम असू शकते, याचे हे उदाहरण.

उत्तर गुलाममुक्तीसाठीच लढली का?

सुरुवातीला नाही. इथे दोन प्रश्न वेगळे करावे लागतात. दक्षिण का फुटली? गुलामगिरी वाचवण्यासाठी. उत्तर का लढली? आधी संघराज्य वाचवण्यासाठी. डेलावेअर, मेरीलँड, केंटकी आणि मिझुरी ही गुलाम राज्ये संघराज्यातच राहिली होती आणि त्यांना दुखावणे लिंकन यांना परवडणारे नव्हते.

युद्ध लांबले तसे उद्दिष्ट बदलले. त्यात मोठा वाटा खुद्द गुलामांचा होता. संघराज्याचे सैन्य जवळ आले, की हजारो लोक मळे सोडून छावण्यांकडे पळून येत. त्यांना परत द्यायचे की ठेवून घ्यायचे, हा निर्णय सरकारला टाळता येईना. सप्टेंबर १८६२ मधील अँटिएटमच्या लढाईनंतर लिंकन यांनी मुक्तीची घोषणा केली आणि १ जानेवारी १८६३ पासून ती लागू झाली. ती बंडखोर भागांपुरतीच होती, चार निष्ठावान गुलाम राज्यांना तिने हात लावला नाही. पण तिच्यामुळे कृष्णवर्णीयांसाठी सैन्याची दारे उघडली. युद्ध संपेपर्यंत त्यांच्यापैकी सुमारे १ लाख ८० हजार जण संघराज्याच्या लष्करात दाखल झाले. ९ एप्रिल १८६५ रोजी सेनापती रॉबर्ट ली यांनी शरणागती पत्करली. पाच दिवसांनी लिंकन यांच्यावर गोळी झाडली गेली आणि १५ एप्रिलला त्यांचे निधन झाले.

लँकेशायर आणि मुंबईवर काय परिणाम झाला?

ब्रिटनला आपल्या कापसावाचून गत्यंतर नाही, त्यामुळे तो आपल्या बाजूने उतरेल, हा दक्षिणेचा हिशेब होता. म्हणून पहिल्या वर्षी मळेवाल्यांनी स्वतःच कापूस अडवून धरला. पुढे उत्तरेच्या नौदलाने बंदरांची नाकेबंदी घट्ट केली. लँकेशायरच्या गिरण्या बंद पडल्या आणि लाखो कामगार व त्यांची कुटुंबे मदतीवर आली. तरीही ब्रिटनने दक्षिणेला मान्यता दिली नाही. आधीच्या दोन मोठ्या हंगामांचा साठा, मुक्तीच्या घोषणेनंतरचे ब्रिटिश जनमत अशी त्याची अनेक कारणे होती. भारत आणि इजिप्तमधून मिळालेला पर्यायी कापूस हेही त्यांतील एक.

हा भारतीय कापूस मुख्यतः मुंबई बंदरातून जात होता. भाव काही पटींनी वाढले आणि शहरात पैशांचा पूर आला. बँका, वित्तसंस्था, समुद्र हटवून जमीन काढणाऱ्या कंपन्या यांचे पीक आले. बॅकबे रिक्लमेशन कंपनीचा पाच हजार रुपयांचा शेअर पन्नास हजारांवर गेला. दलालांचे राजे म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्रेमचंद रायचंद यांची चिठ्ठी म्हणजे कर्जाची हमी, अशी स्थिती होती. युद्ध संपल्याची बातमी आली, भाव गडगडले आणि १ जुलै १८६५ ही वायद्यांच्या पूर्ततेची तारीख उजाडली, तेव्हा पेढ्यांमागून पेढ्या बुडाल्या. बँक ऑफ बॉम्बेही पुढे गुंडाळावी लागली. मुंबईची लोकसंख्या १८६४ च्या गणतीत ८,१६,५६२ होती, ती १८७२ मध्ये ६,४४,४०५ भरली. तेजीच्या खुणा मात्र शहरात राहिल्या. मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर प्रेमचंद यांच्या देणगीतूनच उभा राहिला आणि त्याला त्यांच्या आईचे नाव आहे.

दख्खनचे दंगे याच मंदीचा परिणाम?

विद्यार्थ्यांची सर्वाधिक गफलत इथे होते. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरा-दुकानांवर चाल केली आणि कर्जखते व खतावण्या जाळल्या. लोण पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत पसरले. ‘अमेरिकेत युद्ध संपले, कापूस पडला, दंगे झाले’ अशी सरळ रेघ मग ओढली जाते. पण दोन घटनांत दहा वर्षांचे अंतर आहे. शिवाय सुपे हा ज्वारी-बाजरीचा कोरडवाहू टापू. कापूस मुख्यतः पिकत होता खान्देश-वऱ्हाडात, आणि दंगे मुख्यतः झाले ते तिथे नव्हे.

मधले दुवे जोडल्याशिवाय ही साखळी पुरी होत नाही. तेजीच्या काळात मुंबईतील पैसा कर्जाच्या रूपाने खेड्यापर्यंत पोहोचला आणि सावकारांनी हात सैल सोडला. लोहमार्गाच्या कामांवर मजुरी मिळत होती. मंदीनंतर पत आखडली, कामे संपली आणि धान्याचे भावही पुढे उतरले. नेमक्या याच सुमारास, १८६७ पासून, सरकारने जमाबंदीची फेरआकारणी करून सारा वाढवला. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने कर्जखत तीन वर्षेच ग्राह्य धरले जाई. तो ऋणकोच्या सोयीसाठी होता, पण सावकार दर तीन वर्षांनी व्याज मुद्दलात मिळवून नवे खत लिहून घेऊ लागले. कापसाची तेजी-मंदी ही या कोंडीची पार्श्वभूमी होती. कोंडी घट्ट केली ती सारा, कायदा आणि कोर्टाने. ‘युद्धामुळे दंगे झाले’ आणि ‘युद्धाने ज्या पतव्यवस्थेला फुगवून फोडले, तिच्यावर वाढीव साऱ्याचा बोजा पडून दंगे झाले’ या दोन वाक्यांत बराच फरक आहे. १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा या उद्रेकातून आला.

गुलामगिरी संपल्यावर अमेरिकेत काय झाले?

तीन घटनादुरुस्त्या झाल्या. १३ वीने (१८६५) गुलामगिरी संपवली, १४ वीने (१८६८) अमेरिकेत जन्मलेल्यांना नागरिकत्व आणि कायद्याचे समान संरक्षण दिले, तर १५ वीने (१८७०) वंशाच्या आधारे मताधिकार नाकारण्यास मनाई केली. दक्षिणेत कृष्णवर्णीय पुरुषांनी मतदान केले, ते विधिमंडळांत गेले. मिसिसिपीचे हायरम रेव्हल्स १८७० मध्ये सिनेटचे पहिले कृष्णवर्णीय सदस्य झाले.

महात्मा जोतिराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ हे पुस्तक १८७३ मध्ये प्रसिद्ध केले, ते याच आशेच्या काळात. गुलामांना दास्यातून मुक्त करण्याच्या कार्याबद्दल त्यांनी ते अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केले. आपल्या शूद्रातिशूद्र बांधवांच्या मुक्तीसाठी देशबांधवांनी तो कित्ता गिरवावा, हा त्यामागचा हेतू होता.

त्यानंतर चारच वर्षांत, १८७७ च्या राजकीय तडजोडीत, दक्षिणेतील सरकारांच्या पाठीशी उभे असलेले केंद्राचे सैन्य मागे घेतले गेले. हिंसा, मतदानासाठी कर आणि साक्षरतेच्या चाचण्या यांनी १५ वी दुरुस्ती कागदावर आणली. १८९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘वेगळे पण समान’ हे तत्त्व मान्य करून वंशभेदावर शिक्कामोर्तब केले. आर्थिक बाजू तर सुरुवातीलाच हुकली होती. मुक्त झालेल्यांना जमीन देण्याचा १८६५ मधील प्रयत्न अध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांनी मागे घेतला. त्यामुळे तेच लोक त्याच मळ्यांवर वाटेकरी म्हणून राबू लागले. बियाणे, अवजारे आणि धान्य उधारीवर, पीक आधीच गहाण. सुप्याच्या शेतकऱ्याला ही खतावणी परकी वाटली नसती. या व्यवस्थेला कायद्याने धक्का बसायला १९६४ चा नागरी हक्क कायदा आणि १९६५ चा मताधिकार कायदा यावा लागला. कायदा बदलणे हा युद्धाचा परिणाम होता. तो अमलात येण्यासाठी शंभर वर्षे वेगळी झुंज द्यावी लागली.

परीक्षेत आणि परीक्षेबाहेर काय लक्षात ठेवावे?

कारण लिहिताना एक कसोटी लावता येते. हे नसते, तर युद्ध टळले असते का? फोर्ट समटर नसता, तर दुसरा किल्ला असता. लिंकन त्या वर्षी हरले असते, तर फूट कदाचित पुढे गेली असती. गुलामगिरी नसती, तर मात्र आयात शुल्क किंवा राज्यांच्या अधिकारांवरून अकरा राज्ये शस्त्र उचलून बाहेर पडली असती, असे मानायला आधार नाही. परिणाम लिहिताना उलट सावधगिरी हवी. घटना जितकी दूरची, तितके मधले दुवे नावानिशी दाखवायला हवेत.

हा इतिहास अजून मिटलेला नाही. अवैधरीत्या किंवा तात्पुरत्या व्हिसावर राहणाऱ्यांच्या अमेरिकेत जन्मलेल्या मुलांना आपोआप नागरिकत्व न देण्याचा आदेश अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी २० जानेवारी २०२५ रोजी काढला आणि त्याला लगेच न्यायालयांत आव्हान मिळाले. एच-१बी व्हिसावर गेलेल्या भारतीय, त्यात अनेक मराठी, कुटुंबांत या आदेशाने काळजी पसरली. या वादात दोन्ही बाजूंचे वकील ज्या शब्दांचा कीस काढतात, ते शब्द १४ व्या घटनादुरुस्तीच्या पहिल्याच कलमातले आहेत. ड्रेड स्कॉट निकालाने ज्यांना नागरिक मानायचे नाकारले होते, त्यांच्यासाठी ते १८६८ मध्ये घटनेत घालण्यात आले होते.